अमेरिकेत विमा नसताना दातांवर मोफत किंवा माफक खर्चात उपचार कसे मिळवावेत

दात हा जणू शरीराचा भागच नाही, अशा थाटात अमेरिकेतील आरोग्य विम्याची आखणी झालेली आहे. नोकरीतून आरोग्य विमा मिळाला, तरी दातांचा विमा बहुधा वेगळा घ्यावा लागतो. ६५ वर्षांवरील लोकांसाठी १९६५ च्या कायद्याने आलेल्या मेडिकेअरच्या मूळ योजनेत दात साफ करणे, भरणे, काढणे किंवा कवळी बसवणे यांचा समावेश नाही, आणि गरिबांसाठीच्या मेडिकेडमध्ये प्रौढांच्या दातांचा खर्च किती उचलायचा, हे प्रत्येक राज्य स्वतः ठरवते. त्यामुळे नुकतीच नोकरी गेलेला अभियंता, विद्यापीठाच्या विम्यावर असलेला विद्यार्थी, मोटेलात किंवा दुकानात रोजावर काम करणारा माणूस आणि मुलांकडे सहा महिन्यांसाठी राहायला आलेले आई-वडील हे सगळे दाढ ठणकू लागली की एकाच रांगेत येऊन उभे राहतात. आई-वडिलांसाठी घेतलेला प्रवासी विमाही फार तर अचानक उठलेल्या कळेपुरता उपयोगी पडतो, जुन्या किडलेल्या दाढेला तो बहुधा हात लावत नाही.

मोफत किंवा धर्मादाय दंतोपचार या देशात आहेत, पण त्यांचा एकच असा दरवाजा नाही. सरकारी अनुदानावरची केंद्रे, स्वयंसेवी दवाखाने, दंतवैद्यकीय महाविद्यालये आणि दोन दिवसांची शिबिरे यांचे नियम निरनिराळे असतात आणि प्रत्येक ठिकाणी मिळणारे उपचारही वेगळे असतात. एका मोफत दवाखान्याच्या नोंदणीच्या टेबलावर मी काही वर्षे स्वयंसेवक म्हणून बसते. तेथे रोज दिसणारी गोष्ट अशी की, दाढ मोफत काढून मिळणे तुलनेने सोपे आहे, पण तीच दाढ मोफत वाचवून मिळणे अवघड आहे. म्हणून कोणत्या दारी कधी जायचे, हे दुखणे असह्य होण्यापूर्वीच ठरवलेले बरे.

आधी निकड ओळखावी

गालावर किंवा जबड्याखाली पसरत जाणारी सूज, ताप, तोंड नीट न उघडणे, घोट गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होणे, यांपैकी काहीही दिसले तर मोफत दवाखान्याचा शोध घेत बसू नये. सरळ रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जावे किंवा ९११ ला फोन करावा. दाढेच्या मुळाशी झालेला पू मानेत उतरला, तर श्वासमार्ग बंद होऊ शकतो. २००७ साली मेरीलँडमध्ये १२ वर्षांच्या एका मुलाच्या किडलेल्या दाताचा संसर्ग मेंदूपर्यंत पोहोचला आणि त्यात त्याचा मृत्यू झाला. साधा दात काढण्याचा तो प्रश्न होता, आणि मुलांच्या दंतोपचारांविषयी देशभर चर्चा सुरू झाली ती त्या घटनेनंतर.

१९८६ च्या एम्टाला या कायद्यानुसार आपत्कालीन विभागाला पैशांची किंवा विम्याची अट न घालता रुग्णाची तपासणी करावी लागते आणि प्रकृती धोक्यात असेल तर ती स्थिर करावी लागते. मात्र तेथे बहुधा दंतवैद्य नसतो. प्रतिजैविक आणि वेदनाशामक गोळ्या मिळतात, दाढ जागेवरच राहते आणि नंतर मोठे बिल घरी येते. रुग्णालय ना-नफा तत्त्वावरचे असेल, तर आर्थिक साहाय्याचे लेखी धोरण ठेवणे त्याला २०१० च्या आरोग्य कायद्याने बंधनकारक आहे. त्या साहाय्याचा अर्ज आपणहून मागावा लागतो, तो कोणी हातात आणून देत नाही.

धोक्याची लक्षणे नसतील आणि दुखणे मात्र असेल, तर भेट मिळेपर्यंत प्रौढांना आयबुप्रोफेन किंवा त्यासोबत अॅसिटामिनोफेन (भारतात यालाच पॅरासिटामॉल म्हणतात) पाकिटावरील मात्रेच्या मर्यादेत घेता येते. मूत्रपिंडाचा विकार, पोटातला अल्सर किंवा रक्त पातळ करणारे औषध असेल, तर आधी फार्मासिस्टला विचारावे. अॅस्पिरिनची गोळी दाढेपाशी दाबून ठेवण्याचा प्रकार अजूनही पाहायला मिळतो. त्याने दुखणे जात नाही, हिरडी मात्र भाजते.

पहिला फोन सामुदायिक आरोग्य केंद्राला

बहुतेकांसाठी सुरुवात येथूनच व्हावी, असे माझे मत आहे. केंद्र सरकारच्या एचआरएसए या विभागाच्या अनुदानावर देशभर सुमारे १४०० संस्था अशी आरोग्य केंद्रे चालवतात. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून रुग्णाला परत पाठवायचे नाही, ही त्यांच्यावरची अट आहे. शुल्क उत्पन्नानुसार कमी होत जाते आणि त्या पद्धतीला तेथे 'स्लाइडिंग फी स्केल' म्हणतात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न केंद्र सरकारने ठरवलेल्या दारिद्र्यरेषेइतके किंवा त्याहून कमी असेल, तर पूर्ण सवलत मिळते किंवा नाममात्र रक्कम द्यावी लागते. उत्पन्न त्या रेषेच्या दुपटीपर्यंत असेल तर अंशतः सवलत मिळते, आणि त्यापुढे ही सवलत नाही. २०२५ साली ही रेषा अलास्का आणि हवाई वगळता इतर राज्यांत एकट्या व्यक्तीसाठी १५,६५० डॉलर आणि चार जणांच्या कुटुंबासाठी ३२,१५० डॉलर होती. म्हणजे चौघांच्या घरात वर्षाला ६०,००० डॉलर येत असले, तरी थोडी सवलत मिळू शकते. आपण 'गरीब' या शब्दात बसत नाही असे समजून पुष्कळ लोक फोनच करत नाहीत, म्हणून हे मुद्दाम सांगते.

एचआरएसएच्या संकेतस्थळावर आपला झिप कोड टाकला की जवळची केंद्रे दिसतात. प्रत्येक केंद्रात दातांचा विभाग असतोच असे नाही, तेव्हा यादीतल्या पहिल्या केंद्रावर थांबू नये. फोनवर काय बोलायचे, याचीही तयारी करावी. 'तुमच्याकडे मोफत उपचार मिळतात का?' असे विचारले, तर उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असेच येते, कारण ते केंद्र मोफत नाही, सवलतीचे आहे. त्याऐवजी असे सांगावे: 'माझ्याकडे दातांचा विमा नाही, मला स्लाइडिंग फी स्केलसाठी अर्ज करायचा आहे, डाव्या बाजूची खालची दाढ चार दिवस दुखते आहे आणि रात्री झोप लागत नाही.' शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. नेहमीच्या तपासणीची तारीख दोन-तीन महिन्यांनंतरची मिळत असली, तरी दुखणाऱ्या रुग्णासाठी अनेक केंद्रे रोज सकाळी थोड्या जागा राखून ठेवतात आणि त्या जागा फोन सुरू झाल्यापासून अर्ध्या तासात संपतात. म्हणून केंद्र किती वाजता उघडते ते आदल्या दिवशी विचारून घ्यावे आणि बरोबर त्या मिनिटाला फोन लावावा. नवीन रुग्णांची यादी बंद आहे असे सांगितले, तर रद्द झालेल्या भेटींच्या यादीत नाव घालायला सांगावे. पहिल्या तपासणीचे शुल्क किती, एक्स-रे त्यात धरला आहे का आणि कॅप किंवा कवळीचा प्रयोगशाळेचा खर्च वेगळा लागतो का, हेही त्याच फोनवर विचारावे; सवलत दंतवैद्याच्या कामावर असते, बाहेरून करून आणलेल्या कवळीवर ती तेवढी असेलच असे नाही.

व्हिसावर असलेल्यांसाठी एक सूचना येथेच द्यायला हवी. या केंद्रांमध्ये पूर्वीपासून स्थलांतराचा दर्जा विचारण्याची पद्धत नव्हती. २०२५ मध्ये केंद्र सरकारने त्याबाबतच्या कायद्याचा अर्थ बदलण्याचे पाऊल उचलले आणि ते प्रकरण न्यायालयात गेले. तेव्हा त्या-त्या केंद्रात सध्या काय नियम आहे, हे फोनवरच विचारून घ्यावे. ग्रीन कार्ड असलेल्या प्रौढांना मेडिकेडसाठी साधारणपणे पाच वर्षे थांबावे लागते. मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्यासाठी बऱ्याच राज्यांनी ही अट काढलेली आहे.

मोफत आणि धर्मादाय दवाखाने

हे वरच्या केंद्रांपेक्षा वेगळे आहेत. त्यांना केंद्र सरकारचे ते अनुदान नसते; देणग्या आणि स्वयंसेवक दंतवैद्य यांच्या बळावर ते चालतात. काही पूर्ण मोफत असतात, तर काही अल्प शुल्क घेतात पण शुल्क नाही म्हणून कोणाला नाकारत नाहीत. २००१ साली स्थापन झालेल्या 'नॅशनल असोसिएशन ऑफ फ्री अँड चॅरिटेबल क्लिनिक्स' या संघटनेच्या संकेतस्थळावर त्यांचा शोध घेता येतो, तसेच २११ या क्रमांकावर फोन केला तर आपल्या भागातील दवाखान्यांची माहिती मिळते. २११ वर दुभाष्याची सोय बहुधा असते, पण मराठी मिळेलच असे धरून चालू नये. हिंदी सांगितले तर काम होण्याची शक्यता जास्त.

येथे दोन मर्यादा लक्षात घ्याव्यात. पहिली, दवाखाना आठवड्यातून एखादीच संध्याकाळ दातांसाठी उघडा असतो आणि त्याच काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, राहणाऱ्यांनाच घेतो, असे सर्रास असते. दुसरी, येथे प्रामुख्याने तपासणी, दात साफ करणे, साधे फिलिंग आणि दाढ काढणे एवढेच होते. रूट कॅनल क्वचित होते, कॅप त्याहून क्वचित, आणि इम्प्लांट जवळजवळ नाहीच.

दंतवैद्यकीय महाविद्यालय

दाढ वाचवायची असेल, तर मी लोकांना इकडे पाठवते. देशात मान्यताप्राप्त दंतवैद्यकीय महाविद्यालये सत्तरहून अधिक आहेत. तेथे शेवटच्या दोन वर्षांतले विद्यार्थी परवानाधारक प्राध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. हे मोफत नसते, पण खासगी दवाखान्यापेक्षा बरेच स्वस्त पडते, आणि रूट कॅनल, कॅप, कवळी हे सगळे एकाच छताखाली होते. मोबदल्यात द्यावा लागतो तो वेळ. विद्यार्थी प्रत्येक टप्प्यावर थांबतो, प्राध्यापक येऊन पाहतात, मान डोलावतात किंवा पुन्हा करायला सांगतात आणि मगच पुढचा टप्पा सुरू होतो. त्यामुळे अर्ध्या तासाच्या फिलिंगला अडीच-तीन तास लागतात. विद्यार्थी शिकाऊ असतो ही लोकांची भीती मला फारशी पटत नाही, कारण एका दाढेकडे चार डोळे लावून पाहणारी दुसरी जागा मला तरी माहीत नाही.

पहिली भेट केवळ छाननीची असते आणि तीत उपचार होत नाहीत. ज्या प्रकारचे काम विद्यार्थ्याला शिकायचे आहे, त्यात आपली दाढ बसत नसेल तर पदव्युत्तर विभागाकडे पाठवतात. तेथील दर थोडे अधिक असतात. फक्त दात साफ करून घ्यायचे असतील, तर डेंटल हायजीनचा अभ्यासक्रम असलेले कम्युनिटी कॉलेज शोधावे. तेथे अगदी थोडक्या शुल्कात काम होते आणि रांगही कमी असते.

शिबिरे

'रिमोट एरिया मेडिकल' ही संस्था स्टॅन ब्रॉक यांनी १९८५ साली सुरू केली. टेनेसीत मुख्यालय असलेली ही संस्था निरनिराळ्या राज्यांत शाळांमध्ये आणि मैदानांवर शनिवार-रविवारची शिबिरे भरवते. तेथे विमा, उत्पन्नाचा दाखला किंवा ओळखपत्र मागत नाहीत आणि सर्व काही मोफत असते. राज्याराज्यांतील दंतवैद्यांच्या संघटना 'मिशन ऑफ मर्सी' या नावाने अशीच शिबिरे भरवतात. त्यांची सुरुवात २००० साली व्हर्जिनियातील वाइज येथे झाली. तारखा काही महिने आधी जाहीर होतात.

शिबिराला जायचे तर तयारीने जावे. रिमोट एरिया मेडिकलच्या शिबिरात वाहनतळ आदल्या रात्री बारापर्यंत उघडतो, आलेल्या क्रमाने क्रमांक दिले जातात आणि पहाटे सहाच्या सुमारास आत सोडायला सुरुवात होते. रात्र गाडीत काढावी लागते, म्हणून पांघरूण, पाणी, खाण्याचे काहीतरी आणि नेहमीच्या गोळ्या बरोबर घ्याव्यात. दात आणि डोळे यांपैकी एकच सेवा निवडावी लागते, कारण दोन्हींना वेळ पुरत नाही.

गोळ्यांविषयी थोडे सविस्तर सांगते. एका शिबिरात रात्री अकरापासून थांबलेला एक गृहस्थ सकाळी खुर्चीपर्यंत पोहोचला. रक्तदाब मोजायला दंडाला पट्टा बांधला, तर आकडा २०० च्या पुढे. रात्री गोळी घेतली नव्हती, कारण दात काढायच्या आधी औषध घेऊ नये असे त्याला कोणीतरी सांगितले होते. कोपऱ्यातल्या खुर्चीवर त्याला तासभर बसवले, पुन्हा मोजले, आकडा उतरला नाही आणि दाढ तशीच घेऊन तो परत गेला. वरचा दाब १८० किंवा खालचा ११० च्या पुढे असेल, तर बहुतेक ठिकाणी दाढ काढत नाहीत. तेव्हा रक्तदाबाची गोळी नेहमीच्या वेळी घ्यावी. मधुमेह असलेल्यांनी उपाशी जाऊ नये आणि सकाळची साखर मोजून आकडा लिहून न्यावा. रक्त पातळ करणारी गोळी ज्या डॉक्टरांनी दिली, त्यांना विचारल्याशिवाय स्वतःच्या मनाने बंद करू नये.

मुले, वृद्ध आणि अपंग

मुलांच्या बाबतीत परिस्थिती पुष्कळच बरी आहे. मेडिकेडमध्ये असलेल्या २१ वर्षांखालील प्रत्येकाला दंतोपचार देणे राज्यांवर बंधनकारक आहे आणि थोड्या अधिक उत्पन्नाच्या घरांतील मुलांसाठी असलेल्या चिप योजनेतही दातांचा समावेश आहे. त्यामुळे मुलांसाठी शिबिराच्या रांगेत उभे राहण्यापूर्वी हे दोन अर्ज करून पाहावेत. अमेरिकन डेंटल असोसिएशनचा 'गिव्ह किड्स अ स्माइल' हा उपक्रम २००३ पासून देशभर चालतो आणि त्याचे बरेच कार्यक्रम फेब्रुवारीत होतात.

वय ६५ च्या पुढे असेल, कायमचे अपंगत्व असेल किंवा गंभीर आजारामुळे दातांचे उपचार आवश्यक झाले असतील, तर 'डेंटल लाइफलाइन नेटवर्क'च्या 'डोनेटेड डेंटल सर्व्हिसेस' या कार्यक्रमात अर्ज करता येतो. येथे खासगी दंतवैद्य आपल्याच दवाखान्यात विनामूल्य उपचार करतात, आणि काम एका दाढेपुरते न राहता संपूर्ण तोंडाचे होऊ शकते. प्रतीक्षा मात्र लांबलचक असते, काही काउंट्यांत अर्ज घेणेही थांबवलेले असते आणि तातडीच्या दुखण्याला याचा उपयोग नाही. एचआयव्ही असलेल्यांनी त्यांच्यासाठीच्या केंद्र सरकारच्या रायन व्हाइट कार्यक्रमातील दंतोपचारांविषयी आपल्या दवाखान्यात विचारावे.

कागदपत्रांची फाइल

नोंदणीच्या टेबलावरून परत जाणाऱ्यांपैकी बरेच जण एका कागदासाठी परत जातात. फोटो असलेले ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा म्हणून विजेचे किंवा फोनचे बिल, शेवटच्या महिन्याभराच्या पगाराच्या पावत्या, गेल्या वर्षीचे कर विवरणपत्र आणि घरात राहणाऱ्यांची संख्या एवढे तयार ठेवावे. उत्पन्न नसेल, तर तेही कागदावर दाखवावे लागते: आपला सांभाळ करणाऱ्या व्यक्तीने 'या माझ्याकडे राहतात आणि त्यांना स्वतःचे उत्पन्न नाही' असे सही करून दिलेले पत्र बहुतेक ठिकाणी चालते. मुलांकडे आलेल्या आई-वडिलांच्या बाबतीत एक अडचण हमखास येते. त्यांचे उत्पन्न शून्य असले, तरी केंद्र 'कुटुंब' कोणाला धरते यावर सवलत ठरते आणि मुलाचा पगार मोजला तर ती मिळत नाही. हा नियम केंद्रागणिक बदलतो, म्हणून अर्ज भरण्याआधीच विचारावे. माहिती लपवण्याच्या फंदात पडू नये.

औषधांची यादी मात्रेसह वेगळ्या कागदावर इंग्रजीत लिहावी. भारतातून आणलेल्या गोळ्यांची पाने तशीच बरोबर न्यावीत, कारण येथील दंतवैद्याला ब्रँडचे नाव ओळखू येत नाही. पानाच्या मागे छापलेले मूळ औषधाचे नाव त्याच्या कामाचे असते.

खुर्चीत बसल्यावर विचारायचे प्रश्न

मोफत मिळते आहे म्हणून गप्प राहावे, असा संकोच करू नये. दाढ काढायची असे सांगितले, तर ती वाचू शकते का, आणि वाचू शकत असेल तर येथे नाही तर कोठे, एवढे विचारावे. मागच्या दाढेचे रूट कॅनल करून कॅप बसवली नाही, तर ती तुटण्याचा धोका राहतो; तेव्हा रूट कॅनल मोफत होऊन कॅपचे पैसे जमणार नसतील, तर दाढ काढणे हाच कधी कधी शहाणपणाचा निर्णय ठरतो. समोरचा दात असेल, तर मात्र महाविद्यालयाची तारीख मिळेपर्यंत तात्पुरते फिलिंग करून घेण्याचा आग्रह धरावा. कीड वरवरची असेल, तर सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड लावता येईल का, हेही विचारावे. हे द्रव औषध दात न कोरता कीड रोखते आणि स्वस्त असते, फक्त किडलेला भाग काळा पडतो. उठण्यापूर्वी एक्स-रेची प्रत मागून घ्यावी. ती मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे, आणि पुढच्या दवाखान्यात तोच एक्स-रे चालला तर दुसऱ्याचे पैसे वाचतात.

कशापासून दूर राहावे

'इम्प्लांटसाठी अनुदान' अशा जाहिराती समाजमाध्यमांवर सतत दिसतात. त्यांपैकी पुष्कळ जाहिराती या खासगी दवाखान्यांसाठी गिऱ्हाईक शोधण्याचा मार्ग असतात. अर्ज भरला की सल्ल्याची भेट ठरते आणि 'अनुदान' वजा जाऊनही आकडा हजारोंतच राहतो. दवाखान्यातच काढून दिल्या जाणाऱ्या वैद्यकीय क्रेडिट कार्डाबाबतही सावध राहावे. ठरावीक महिने व्याज नाही असे सांगतात, पण त्या मुदतीत शेवटचा डॉलरही बाकी राहिला, तर अनेक करारांत पहिल्या दिवसापासूनचे व्याज लावले जाते. वर्गणी भरून उपचारांच्या दरात सूट देणारी सवलतीची सदस्यता योजना हा विमा नव्हे. ती घ्यायची असेल तर आपल्याला हवा तो दंतवैद्य यादीत आहे का, हे त्या दवाखान्यालाच फोन करून विचारावे.

मिळालेली तारीख पाळता येणार नसेल, तर किमान एक दिवस आधी फोन करून ती रद्द करावी. न कळवता दोनदा गैरहजर राहिलेल्याचे नाव अनेक केंद्रे यादीतून काढून टाकतात, आणि मग पुन्हा नवीन रुग्ण म्हणून पहिल्यापासून रांग धरावी लागते.